आजाऱ्याच्या खोलीचा उंबरठा

श्रोतेहो, आज मी आपल्याला एक चित्र दाखवणार आहे. आता कोणी म्हणेल, हा गृहस्थ काय बोलतो! रेडिओवर कधी चित्र दिसते का? आणि या पुस्तिकेतही ते छापलेले नाही. खरे आहे. पण आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिच्या हातात तरी कुठे चित्र असे? तरीही आपल्याला राजा दिसे, राजवाडा दिसे आणि वडावरची हडळसुद्धा दिसे. तसेच आज करू. मी सांगतो, आपण मनात रंगवा.

एक खोली आहे. खोलीत पलंग आहे. पलंगावरचे अंथरूण विस्कटलेले आहे, जणू कोणीतरी आत्ताच त्यातून कसेबसे उठले असावे. पलंगापाशी वेताची खुर्ची आहे आणि तिच्यात पंचावन्न वर्षांचा एक माणूस बसला आहे. अंगात घरी घालायचा सैल झगा, पायांवर पांघरूण, हात मांडीवर एकात एक गुंतवलेले. डोक्यावरचे केस विरळ झालेले. चेहरा पिवळट, ओढलेला. नाक, डोळे बारकाईने काढलेलेच नाहीत. तापातून उठलेल्या माणसाने आरशात पाहावे आणि आपलेच तोंड आपल्याला पुसट दिसावे, तसे ते दिसते. तोंड उघडे आहे. तो श्वास घेतो आहे, की काही सांगतो आहे, की हाक मारतो आहे, हे कळत नाही. आणि बरं का, त्याने मान आपल्याकडे वळवली आहे. खोलीत दुसरे कोणी नाही. ना डॉक्टर, ना उशाशी बसलेली बायको, ना दाराआडून डोकावणारे पोर.

चित्र लहान नाही. दीड मीटर उंच आणि एक मीटर एकतीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे साधारण पाच फूट बाय सव्वाचार फूट. समोर उभे राहिले की एखाद्या दारातून आत पाहत असल्यासारखे वाटावे, एवढे मोठे. ते तैलरंगात रंगवलेले आहे आणि नॉर्वे देशाची राजधानी ऑस्लो, तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चित्रकाराचे नाव एडवर्ड मुंक. चित्रातला माणूसही तोच. साल १९१९. चित्राचे नाव मोठे सरळ आहे: ‘स्पॅनिश फ्ल्यू झालेला मी’, अशा अर्थाचे.

आता मला सांगा, आपल्याकडे माणूस स्वतःचे चित्र किंवा फोटो केव्हा काढून घेतो? लग्नात, मुलाच्या बारशाला, फार तर पेन्शनीला निघताना. फेटा नीट बांधायचा, कोटाची बटणे लावायची, खुर्चीत ताठ बसायचे आणि फोटोवाल्याने ‘हलू नका’ म्हटले की श्वाससुद्धा रोखून धरायचा. तोच फोटो पुढे भिंतीवर लागतो आणि एक दिवस त्याला हार पडतो. जगाला आपण कसे दिसावे हे आपण ठरवतो ते असे. मुंकने याच्या अगदी उलट केले. केस विस्कटलेले, अंथरूण विस्कटलेले, तोंड उघडे, अशा अवस्थेत त्याने स्वतःला जगासमोर बसवले. का बरे बसवले असेल? आजचे बोलणे एवढ्या एका प्रश्नाभोवती आहे.

त्यासाठी आधी ती साथ समजून घेऊ. पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८ असे चालले. युद्धाच्या शेवटच्या वर्षी इन्फ्लुएंझाची साथ सुरू झाली आणि फौजांबरोबर, जहाजांबरोबर, आगगाड्यांबरोबर सगळ्या पृथ्वीवर फिरली. तिला स्पॅनिश म्हणतात, पण तिचा उगम स्पेनमध्ये झाला म्हणून नव्हे. लढणाऱ्या देशांतल्या वर्तमानपत्रांवर सरकारी नजर होती. आमच्याकडे माणसे तापाने मरत आहेत असे छापायची सोय नव्हती. स्पेन युद्धात नव्हता. तिथल्या वर्तमानपत्रांनी बातम्या मोकळेपणी दिल्या; तिथला राजा आल्फोन्सो आजारी पडला, तेही छापले. झाले! खरे बोलणाऱ्याच्या माथी रोग मारला गेला. गावातही असेच होते ना? ज्याच्या घरी प्रथम रोग सापडतो, त्याचेच नाव रोगाला चिकटते.

या साथीने जगभर सुमारे पाच कोटी माणसे नेली असा अंदाज सांगतात. साधा फ्ल्यू म्हातारे आणि तान्ही मुले यांना अधिक छळतो. या फ्ल्यूने वीस ते चाळीस वर्षांची कमावती, धडधाकट माणसे गाठली. रोग कशाने होतो, हेही तेव्हा डॉक्टरांना उमगले नव्हते. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू शोधला गेला तो १९३३ साली. नॉर्वे हा छोटा देश, लोकसंख्या तेव्हा सव्वीस लाखांच्या आसपास. तिथे सुमारे पंधरा हजार माणसे दगावली.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर हाहाकार झाला. १९१८ च्या जून महिन्यात मुंबईचे काही पोलीस शिपाई तापाने पोलीस इस्पितळात दाखल झाले. त्यांच्यातला एकजण गोदीवर पहाऱ्याला होता. ती पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती काळ होऊन आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते, आणि उपाशी पोटी ताप लवकर जिंकतो. सगळ्या हिंदुस्थानात सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसे गेली असे निरनिराळे अंदाज आहेत. १९११ पासून १९२१ पर्यंतच्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली नाही, थोडी घटली. आपल्या शिरगणतीच्या इतिहासात असे दशक हे एकच. हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी निराला यांची पत्नी आणि घरातली कितीतरी माणसे याच साथीत गेली. आपल्या खेड्यांतली जुनी माणसे या आजाराला ‘मानमोडी’ म्हणत. एकाला पोचवून घरी यावे तो दुसऱ्याची तयारी, असे ते दिवस होते.

इथे शिक्षक मित्रांना एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. मानमोडीच्या बावीस वर्षे आधी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला होता आणि तिथून तो गावोगाव पोचला. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक घर सोडत आणि रानात झोपड्या बांधून राहत. प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरतो, म्हणून घर सोडण्याचा काही उपयोग होई. पण त्यात एक गोष्ट होती: लोक जात ते शेजारपाजार घेऊन जात. झोपडीला झोपडी लागून असे. इन्फ्लुएंझाची तऱ्हा निराळी. तो माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून माणसाला होतो. तिथे घर सोडून काय करणार? उलट घराचे दार लावून घ्यावे लागते. आजाऱ्याला एका खोलीत ठेवावे लागते आणि त्याच्यापासून लांब राहावे लागते. प्लेगचे चित्र काढायचे तर रानातल्या झोपड्यांची रांग काढावी लागेल. फ्ल्यूचे चित्र काढायचे तर एक खोली, एक अंथरूण, एक माणूस. मुंकने नेमके तेच काढले आहे.

हा मुंक कोण, हेही थोडे सांगितले पाहिजे. कारण ती खोली त्याने १९१९ साली प्रथम पाहिली असे नाही. त्याचे सगळे बालपणच आजाऱ्याच्या खोलीत गेले. १२ डिसेंबर १८६३ चा त्याचा जन्म. वडील फौजेत डॉक्टर. मुलगा पाच वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. मावशीने मुलांना वाढवले. तो तेरा वर्षांचा असताना त्याची थोरली बहीण सोफी, अवघी पंधरा वर्षांची, तीही क्षयानेच गेली. घरात डॉक्टर बाप आहे, आणि त्याच्याच्याने आपली पोर वाचवता येत नाही! त्या पोराने काय पाहिले असेल, विचार करा. मुंक स्वतःही लहानपणी वरचेवर आजारी असे.

मोठेपणी तो चित्रकार झाला तेव्हा या घटनांनी त्याचा पाठपुरावा सोडला नाही. १८८५-८६ मध्ये त्याने ‘आजारी मूल’ हे चित्र केले: उशीला टेकलेली फिकट मुलगी आणि तिच्या जवळ मान खाली घातलेली बाई. पाहणारे चिडले, म्हणाले, हे चित्र अर्धवट आहे, खरवडलेले आहे. मुंकने तो विषय चाळीस वर्षांत सहा वेळा पुन्हा पुन्हा रंगवला. १८९३ मध्ये त्याने ‘आजाऱ्याच्या खोलीतील मृत्यू’ रंगवले. त्या चित्रात सोफी वेताच्या खुर्चीत बसली आहे, पण ती आपल्याला जवळजवळ दिसत नाही. खुर्चीची पाठच आपल्याकडे आहे. दिसतात ती घरची माणसे. बाप हात जोडून उभा आहे. एक बहीण खाली मान घालून बसली आहे, दुसरी समोर पाहत उभी आहे, भाऊ भिंतीकडे वळला आहे. खोली माणसांनी भरलेली आहे आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. दुःख एकच, पण वाटून घेता येत नाही.

पाहा हं, इथे मी मघाची एक वस्तू पुन्हा सांगितली. वेताची खुर्ची! १८९३ च्या चित्रात वेताच्या खुर्चीत बहीण आहे आणि तिचे तोंड पलीकडे आहे. १९१९ च्या चित्रात वेताच्या खुर्चीत भाऊ आहे आणि त्याचे तोंड आपल्याकडे आहे. मधे सव्वीस वर्षे गेली. ती खुर्ची वळली, एवढेच.

यालाच चित्रकलेत प्रतीक म्हणतात. शब्द जड वाटला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. सकाळी आपण एखाद्या घरावरून जातो. दारापुढे रोज रांगोळी असते, आज नाही. आपण काही विचारत नाही. घरात दुखवटा आहे हे समजून पुढे जातो. रांगोळी नाही, एवढेच दिसले, पण कळले किती! वस्तू एक असते आणि ती बोलते दुसरेच. तसे मुंकच्या चित्रात अंथरूण म्हणजे नुसते अंथरूण नव्हे. जिथे माणूस जन्मतो, झोपतो, आजारी पडतो आणि शेवटी जिथून त्याला उचलतात, ती जागा. खुर्ची म्हणजे अंथरूण आणि दार यांच्या मधली जागा. पडलेला माणूस उठून तिथपर्यंत आला आहे, पण दाराबाहेर अजून गेलेला नाही. उघडे तोंड पाहून मुंकच्याच एका जगप्रसिद्ध चित्राची, १८९३ च्या ‘किंकाळी’ची आठवण येते. त्या चित्रात पुलावर कानांवर हात ठेवलेली आकृती तोंड उघडून उभी आहे आणि आकाश पेटले आहे. इथे आकाश नाही, पूल नाही, किंकाळी मारण्याची ताकदही नाही. उरला आहे फक्त आ वासलेला श्वास.

काही अभ्यासकांनी एक शंका काढली आहे. मुंकला झालेला आजार खरोखर स्पॅनिश फ्ल्यूच होता का? इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशी शंका घ्यावीच. चित्राखाली नाव लिहिले म्हणून ते प्रमाणपत्र होत नाही. पण चित्राच्या अर्थाला त्याने बाध येत नाही. हे चित्र ताप मोजायची नळी नव्हे. त्या वर्षी लाखो माणसे ज्या खोलीत एकटी होती, त्या खोलीचे हे चित्र आहे. मुंक तेव्हा ऑस्लोजवळच्या एकेली नावाच्या जागेत राहत असे. ती जागा त्याने १९१६ साली विकत घेतली होती आणि तिथे तो मरेपर्यंत एकटा राहिला. त्या शहराला तेव्हा ख्रिस्तियानिया म्हणत. त्या देशात हिवाळ्यात दुपारी तीन-साडेतीनलाच दिवेलागण होते. अशा लांबलचक रात्री, एकटे घर, आणि त्यात आजार. त्याला एकटेपणा शिकायला साथीची गरज नव्हती. साथीने एवढेच केले की त्याचा एकटेपणा सगळ्यांचा झाला.

आता याच साथीतल्या दुसऱ्या चित्रकाराची गोष्ट ऐका. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिथे एगॉन शीले नावाचा तरुण चित्रकार होता. १९१८ च्या फेब्रुवारीत त्याचा वडीलधारा चित्रकार गुस्ताव्ह क्लिम्ट वारला. शीलेने शवागारात जाऊन त्याच्या चेहऱ्याचे रेखाटन केले. शीलेने त्या वर्षी एक मोठे चित्र हाती घेतले होते. त्यात तो स्वतः उकिडवा बसला आहे, त्याच्या पुढे एक स्त्री आहे आणि तिच्या पायांशी एक लहान मूल. ‘कुटुंब’ या नावाने ते आज ओळखले जाते आणि व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर संग्रहालयात आहे. पुष्कळ लोक त्याला फ्ल्यूचे चित्र समजतात. पण ते साथीच्या त्या भयंकर शरदाआधीच सुरू झाले होते. प्रथम त्यात मूल नव्हते, जोडपेच होते. पत्नी एडिथ हिला दिवस गेले होते, आणि पुढे शीलेने चित्रात मूल घातले, ते आपल्या भाच्याला पाहून. पुढे घडायचे ते ऑक्टोबरात घडले. एडिथ सहा महिन्यांची गरोदर होती. तिला फ्ल्यू झाला. ती अखेरच्या घटका मोजत असताना शीलेने तिचे रेखाचित्र काढले. २८ ऑक्टोबर १९१८ ला ती गेली. तिसऱ्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, शीले गेला. वय अठ्ठावीस. चित्रातले मूल जगात आलेच नाही.

ही दोन चित्रे मनात शेजारी शेजारी ठेवा. शीलेच्या चित्रात तीन माणसे एकमेकांना चिकटून आहेत, पण तिघांच्या नजरा तीन दिशांना आहेत. मुंकच्या चित्रात माणूस एकच आहे, पण त्याची मान कोणाकडे तरी वळलेली आहे. कोणाकडे? खोलीत तर दुसरे कोणी नाही. तो पाहतो आहे ते दाराकडे. आणि दारात कोण आहे? श्रोतेहो, दारात आपण आहोत. चित्रकाराने मोठ्या हुशारीने आपल्यालाच त्या खोलीच्या उंबरठ्यावर उभे केले आहे. चित्रात न काढलेला दुसरा माणूस म्हणजे पाहणारा. आत यायचे की मागच्या मागे वळायचे, हे त्याने आपल्यावर सोडले आहे.

हे मला संग्रहालयाच्या माहितीवरून कळले असे नाही. मला ते आमच्या गावच्या शाळेत कळले. ते सांगतो.

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. पुढे मुंबई-पुण्याची कामे बंद पडली आणि माणसे गावाकडे परतू लागली. गावोगाव त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवत. आमच्याकडेही ठेवले. ज्या वर्गात मी मुलांना पाढे शिकवले, त्याच वर्गात माझा एक जुना विद्यार्थी अंथरूण टाकून राहिला. गावाने त्याची आबाळ केली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. दोन वेळचे ताट जात होते, चहा जात होता. वाढणाऱ्यांची पाळी ठरलेली होती. ताट पायरीवर ठेवायचे, दाराची कडी वाजवायची आणि माघारी फिरायचे. त्या पाळीत मीही होतो. मीही ताट ठेवले, कडी वाजवली आणि तो दाराशी यायच्या आत पाठ फिरवली. भीती वाटत होती. खोटे कशाला बोलू?

पुढे पुष्कळ महिन्यांनी तो पारावर भेटला. म्हणाला, “गुरुजी, जेवणाला काही कमी नव्हतं. पण दार उघडलं की रोज कोणाची तरी पाठच दिसायची. चौदा दिवसांत मी गावाचं तोंड पाहिलं नाही.”

मी काय उत्तर देणार? ताट ठेवून दहा पावले मागे सरून उभे राहता आले असते. “काय रे, कसा आहेस? रात्री झोप लागली का?” एवढे विचारता आले असते. रोग दहा पावलांवरून येत नाही. शब्द मात्र सहज जातो. मुंकचे ते चित्र मी पुढे एका पुस्तकात पाहिले. त्या उघड्या तोंडाकडे आणि माझ्याकडे वळलेल्या मानेकडे पाहताच मला नॉर्वे आठवला नाही. मला आमच्या शाळेची पायरी आठवली.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. साथीच्या रोगात आजाऱ्याला वेगळे ठेवावे लागते, हे शास्त्र सांगते आणि ते बरोबर आहे. ज्या गावांनी ते नेटाने केले त्यांनी आपली म्हातारी माणसे राखली. पण वेगळे ठेवणे निराळे आणि एकटे पाडणे निराळे. गाय व्याली की तिला गोठ्यात निराळी बांधतो, पण दिवसातून दहा वेळा तिच्या पाठीवरून हात फिरवून येतो ना? वेगळे ठेवणे हे रोगासाठी असते. एकटे पाडणे हे आपल्या भीतीसाठी असते. या दोहोंमध्ये जी रेघ आहे तिलाच मी उंबरठा म्हणतो. मुंकचे चित्र आपल्याला खोलीत जा असे सांगत नाही. ते एवढेच सांगते की उंबरठ्यापाशी आलात तर पाठ फिरवू नका; पाहा.

मघाच्या प्रश्नाचे उत्तरही मला इथेच सापडते. या माणसाने स्वतःला अशा अवस्थेत का रंगवले? कारण आजारी माणसाकडे पाहायला लोक टाळतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. सोफीची खुर्ची त्याने पाठमोरी काढली, कारण तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य त्या खोलीत कोणालाच नव्हते, त्याला स्वतःलाही नसेल. स्वतःवर पाळी आली तेव्हा मात्र त्याने खुर्ची वळवली आणि जणू म्हटले, आता पाहा. असे मला वाटते. आपल्याला दुसरे काही वाटले तर तेही चालेल. चित्र हे गणित नव्हे.

मुंक त्या आजारातून उठला. लगेच त्याने दुसरे स्वचित्र केले, ‘स्पॅनिश फ्ल्यूनंतर’ या अर्थाच्या नावाचे. पुढे तो पंचवीस वर्षे जगला आणि काम करीत राहिला. अगदी शेवटी, १९४० ते १९४३ या काळात, देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, त्याने स्वतःला पुन्हा एकदा रंगवले. एका बाजूला उंच घड्याळ, ज्याला काटेच नाहीत. दुसऱ्या बाजूला पलंग. आणि मधे म्हातारा मुंक. पण या वेळी तो खुर्चीत नाही. उभा आहे. २३ जानेवारी १९४४ रोजी, ऐंशी वर्षांचा होऊन, तो वारला. घरात साठलेली हजाराहून अधिक चित्रे आणि हजारो छापील चित्रे व रेखाटने त्याने ऑस्लो शहराला देऊन टाकली होती. त्यांच्यासाठी १९६३ मध्ये संग्रहालय उघडले आणि २०२१ मध्ये त्याची नवी मोठी इमारत झाली. एकट्याने रंगवलेल्या खोल्या अशा रीतीने सगळ्यांसाठी उघड्या झाल्या.

आपल्या मानमोडीचे मात्र असे चित्र माझ्या पाहण्यात नाही. कोटीच्या वर माणसे गेली. सरकारी दप्तरांत आकडे राहिले, म्हाताऱ्यांच्या तोंडी दोन-चार वाक्ये राहिली. आकडा मोठा असला की माणूस दिसेनासा होतो. म्हणून शिक्षक मित्रांना एक काम सुचवतो. इतिहासाच्या तासाला मुलांना सांगा: घरी जा, आजोबा-आजींना, आईवडिलांना विचारा, २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या घरात किंवा आळीत कोणाला वेगळे ठेवले होते? ती खोली कशी होती? अंथरूण कुठे होते, खिडकी कुठे होती, दार कोणत्या बाजूला उघडत होते? मग मुलांना ती खोली पाटीवर, वहीवर, जमेल तशी काढू द्या. चित्र सुबक आले नाही तरी चालेल. मुंकलाही लोक अर्धवट म्हणाले होते. आणि चित्र पुरे झाले की एकच प्रश्न विचारा: “बाळ, या चित्रात तू कुठे उभा आहेस?”

हा प्रश्न मोठ्यांनीही स्वतःला विचारावा. कारण साथ कधी सांगून येत नाही आणि शेवटची म्हणूनही येत नाही. पुन्हा कधी गावाच्या शाळेत कोणाला वेगळे ठेवण्याची वेळ आली, तर ताट जरूर पायरीवर ठेवा, अंतर जरूर पाळा. पण कडी वाजवल्यावर जरा थांबा. दार उघडू द्या. आतल्या माणसाला गावाचे तोंड दिसू द्या.

माझा तो विद्यार्थी आता पुन्हा मुंबईला कामावर जातो. सणाला गावी आला की घरी येऊन भेटतो. मी त्याला दारापर्यंत पोचवायला जातो आणि तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत उभा राहतो. बाकी मला काय करता येणार?